आधी रक्त, मग साखर

माझी थोरली जाऊ कुणालाही माझी ओळख करून देताना म्हणते, "ही आमची सुमन. तीस वर्षं भोपाळचं रक्त प्यायली." समोरचा माणूस दचकतो. मग मी घाईघाईने सांगते की मी लहान मुलांच्या एका मोठ्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते, आणि जाऊबाईंना विनोद करायची सवय आहे.

तशा त्या फार खोटं बोलत नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा पिपेट म्हणजे काचेची बारीक नळी. ती तोंडात धरायची आणि उसाचा रस ओढावा तसं रक्तातलं पिवळं पाणी रेघेपर्यंत ओढायचं. जरा लक्ष चुकलं की तोंडात. लोकांना रक्ताचा रंग माहीत असतो, मला चवही माहीत आहे. खारट, आणि थोडी लोखंडी कढईसारखी.

ह्या अंकाच्या मंडळींनी "कामाबद्दल लिहा" म्हटलं तेव्हा मी म्हटलं, बाई गं, आम्हा लॅबवाल्यांचं काय लिहायचं? डॉक्टरांना पेशंट आठवतात, सिस्टरांना पेशंटचे नातेवाईक आठवतात, आम्हाला बाटल्या आठवतात. पण नेहरू नगरच्या घरात दुपारी एकटी बसले की मला ती लॅब दिसायला लागते. मागच्या इमारतीत तळमजल्यावर, खिडकीबाहेर कडुनिंब. गरम पाण्याचं भांडं दिवसभर खदखदत असायचं, आणि डिसेंबरच्या सकाळी आम्ही सगळे त्याच्यावर हात शेकत उभे राहायचो. शेजारच्या हीटरवर समदभाईंचा चहा. आजच्या पोरी हे ऐकून किंचाळतात, "लॅबमध्ये चहा?" हो, लॅबमध्येच, आणि असा चहा मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

समदभाई म्हणजे आमचे अटेंडंट. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला बाजी म्हणायचे, म्हणजे ताई. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा माझे वडील सरकारी दफ्तरांबरोबर इथे आले आणि मी टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरात वाढले, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी सांडलेली आहे. पुण्याच्या पाहुण्यांना ती टोचते. समदभाई म्हणायचे, "बाजी, तुम हिंदी में गुस्सा करती हो तो लगता है मराठी में कर रही हो." खरं होतं ते. मी तापट होते. अजून आहे.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एका आजोबांनी नातवाची शी तपासायला आणली ती मिठाईच्या खोक्यात, वर सुतळी बांधून. समदभाईंना वाटलं, कुणाला तरी मुलगा झाला. त्यांनी मोठ्या हौसेने सुतळी सोडली. पुढचे दोन दिवस ते बर्फीकडे बघत नव्हते. दुसरी एक आई संध्याकाळी खिडकीशी आली आणि म्हणाली, "जाँच हो गई ना? तो बचा हुआ खून वापस दे दो, बच्चा कमजोर है." मी हसले नाही. तिच्या दृष्टीने ती बरोबर होती, लेकराचं रक्त होतं ते.

पण मला सांगायचंय ते साखरेचं.

रक्त बाटलीत गेलं की मेलं, असं लोकांना वाटतं. छे! बाटलीतही ते जिवंत असतं आणि जिवंत आहे म्हणून खातं. रक्तातल्या पेशी तिथलीच साखर खात बसतात. म्हणून साखरेच्या तपासणीची बाटली वेगळी असते, करड्या बुचाची. तिच्यात एक पावडर असते, ती पेशींचं खाणं थांबवते. लाल बुचाच्या साध्या बाटलीत रक्त घातलं आणि मे महिन्यात सिस्टरच्या टेबलावर विसरलं, तर तासातासाला साखर उतरत जाते. बाळाची साखर ठीक असते, बाटलीतली संपलेली असते.

नोकरीच्या सुरुवातीला मी असाच एक पडलेला आकडा वर पाठवला होता. धडधाकट बाळाला तीन दिवस ग्लुकोजची सलाईन लावून ठेवली, शीर सापडेना म्हणून डोक्यावरचे केस काढले, आणि शेवटी कळलं की नमुना चार तास पडून होता. त्यावरून माझी अशी काही हजेरी घेतली गेली की मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी मी एक रबरी शिक्का करून घेतला: "नमूना अनुपयुक्त, पुनः भेजें." बूच चुकलं, शिक्का. चिठ्ठीवर नाव नाही, शिक्का. वॉर्डातल्या आया नमुने घेऊन यायच्या त्या दारातूनच माझा चेहरा बघायच्या. समदभाई म्हणायचे, "बाजी की मुहर से कलेक्टर भी डरे." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? माझ्या लॅबमधून चुकीचा आकडा बाहेर जाणार नाही, ही माझी शान होती.

आणि त्याच शानेत एक दिवस लाल बुचाच्या बाटलीतून, जन्मून दुसराच दिवस झालेल्या एका मुलीचं रक्त आलं. चिठ्ठीवर "रेखा की बच्ची", वजन चार किलो दोनशे, हातपाय थरथरतात. वॉर्डातलं पट्टीने साखर बघायचं यंत्र आठ-आठ दिवस बंद असायचं, म्हणून नमुना खाली. मी लावला. साखर आली अठरा.

अठरा म्हणजे काय, तर नवजात बाळाची पन्नासाच्या वर हवी. अठरा बघून माणसाने धावत सुटायला पाहिजे. मी बूच बघितलं. लाल. मी हसले सुद्धा, समदभाईंना म्हटलं, "देखिए, फिर वही." शिक्का मारला.

दोन तासांनी करड्या बुचाच्या बाटलीत दुसरा नमुना आला. मधल्या वेळात बाळ दूध प्यायलं होतं. साखर अठ्ठावन्न. वरून डॉक्टरांचा फोन आला.

"पहले वाले में कितना था?"

"अठारह. उसको गिनिए मत सर, सैंपल ही खराब था."

"पक्का?"

"पक्का."

मुलगी तिसऱ्या दिवशी घरी गेली. गुटगुटीत म्हणून वॉर्डातल्या सगळ्यांनी तिचे गाल ओढले म्हणे. दहाव्या दिवशी तिला झटके आले आणि परत आणलं, तेव्हा लॅबमध्ये मी रजेवर होते. जंतुसंसर्ग धरून औषधं झाली, ग्लुकोज चढवलं, झटक्यांचं औषध देऊन घरी पाठवलं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी रेखाची मुलगी ही एक बाटली होती, ती मी तपासून मोकळी झाले होते.

सहा वर्षांनी डॉक्टर निगम आमच्याकडे आल्या. नुकत्याच दक्षिणेत लहान मुलांच्या ग्रंथींचं शिकून आलेल्या, बुटक्या, तरातरा चालणाऱ्या बाई. पहिल्याच आठवड्यात त्या स्वतः लॅबमध्ये उतरल्या. डॉक्टर लॅबमध्ये येतात ते भांडायला, म्हणून मी पदर खोचला. तर त्या स्टूल ओढून बसल्या, समदभाईंचा चहा मागून घेतला आणि मला शिकवायला लागल्या. असं मला आधी कुणी शिकवलं नव्हतं.

काही बाळं अशी जन्मतात, त्या म्हणाल्या, की त्यांच्या शरीराला इन्सुलिन बंद करता येत नाही. आपल्याला मधुमेहाचं इन्सुलिन माहीत, ते नसलं की साखर वाढते. ह्या बाळांचं उलटं. साखर कमी झाली की इन्सुलिन थांबायला हवं, ह्यांचं चालूच. आईच्या पोटात असतानाही चालूच, म्हणून बाळ गोल गरगरीत. जन्माला आलं, नाळ तुटली, आईची साखर बंद झाली, की घसरगुंडी. मेंदूला साखर हवी, आणि ती नसली तर शरीर चरबी जाळून दुसरं इंधन बनवतं. घरात गॅस संपला की आपण स्टोव्ह पेटवतो तसं. पण इन्सुलिन त्या स्टोव्हलाही कुलूप घालतं. मेंदू दोन्हीकडून उपाशी राहतो. बाळ रडतसुद्धा नाही, नुसतं सुस्त पडतं, आणि सगळे म्हणतात, किती गुणी आहे.

"और पकड़ने का एक ही मौका होता है," त्या म्हणाल्या. साखर पडलेली असते त्या मिनिटाचं रक्त. तेवढ्यात इन्सुलिन सापडलं तर रोग पक्का, कारण त्या वेळी ते तिथे नसायलाच हवं. पण होतं काय, साखर पडली की प्रत्येक सिस्टरचा हात आधी ग्लुकोजकडे जातो. जाणारच, पोर डोळ्यांदेखत जातंय! ग्लुकोज दिलं की पाच मिनिटांत साखर वर, मग घेतलेल्या रक्तात इन्सुलिन दिसलं तरी त्याला अर्थ नाही, साखर चढल्यावर ते सगळ्यांचंच असतं. म्हणून नियम एकच: आधी रक्त, मग साखर. रक्ताला एक मिनिट, बाटल्या आधीच मांडलेल्या, ग्लुकोजची सुई दुसऱ्या हातात तयार.

वॉर्डात केवढा गहजब झाला ह्या नियमावर! "मॅडम को बच्चे से ज्यादा बोतल प्यारी है," असं सिस्टर उघड म्हणायच्या. शेवटी डॉक्टर निगमनी मला म्हटलं, सुमनजी, रक्त तुम्हीच वर येऊन घ्या. टाच पिळून काढलेलं चालत नाही, पिळलं की पेशी फुटतात आणि फुटलेल्या पेशी इन्सुलिनचा फडशा पाडतात. शिरेतून, अलगद, आणि लगेच बर्फात. तेव्हापासून समदभाई बर्फाचा थर्मास घेऊन पुढे आणि मी ट्रे घेऊन मागे, अशी आमची वरात जिन्यावरून निघायची. लॅबच्या बाहेर पडून बाळांचे चेहरे बघायला मी वयाच्या पंचेचाळिशीत सुरुवात केली.

एके सकाळी डॉक्टर निगम आल्या त्या रजिस्टर मागायला. "छह साल पुराना." वर कालच एक मुलगा जन्मलाय, त्या म्हणाल्या, चार किलोचा. साखर टिकत नाही. मोठी बहीण सहा वर्षांची आहे, बसत नाही, बोलत नाही, झटके येतात. आई म्हणते, ती पण अशीच गुटगुटीत होती, इथेच जन्मली.

समदभाईंनी माळ्यावरून रजिस्टर काढलं, फुंकर मारली. मी पान उलटत गेले. माझंच अक्षर होतं. "रेखा की बच्ची. १८. साधी बाटली. अयोग्य." आणि शेजारच्या रकान्यात, चिठ्ठीवरून मीच उतरवून घेतलेली, रक्त काढल्याची वेळ. माझ्या टेबलावर बाटली येण्याच्या चाळीस मिनिटं आधीची.

चाळीस मिनिटांत साखर तेवढी पडत नाही. चार तासांत पडते, चाळीस मिनिटांत नाही. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मीच नव्या पोरींना शिकवायचे. आकडा थोडाफार इकडेतिकडे असेल, पण पोरीची साखर खरोखर पडलेली होती. त्या दिवशी मी वेळ बघितली नव्हती. बूच बघितलं होतं.

डॉक्टर निगमनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. समदभाईंनी न विचारता स्टूल सरकवलं. डॉक्टर निगम एवढंच म्हणाल्या, "इस बार नहीं चूकेंगे." त्यांनी "चूकेंगे" म्हणताना स्वतःलाही धरलं, मला एकटीला पाडलं नाही, हे मी विसरणार नाही.

मुलाची चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. वॉर्डाशेजारची छोटी खोली. सलाईन हळूहळू कमी करायची, दूध थांबवायचं, दर पंधरा मिनिटांनी थेंबभर रक्त बघायचं, आणि साखर पन्नासाखाली उतरली की मी पुढे. रेखा कडेच्या खाटेवर होती, सडपातळ, डोळे खोल गेलेले. शेजारी तिची सासू. ही मंडळी मूळची वर्ध्याकडची, नवरा विनोद अयोध्या नगरजवळच्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन. विनोद तिचा आतेभाऊ, म्हणजे सासू ती तिची सख्खी आत्या. आपल्याकडे भाचीला आत्याच्या घरी देतात, लेक परक्याकडे गेली नाही म्हणून सगळे खूश असतात. त्यात आईबापाच्या रक्तातला एकच लपलेला दोष दोघांकडून बाळाच्या वाट्याला येऊ शकतो, हे लग्नात कोण बघतं?

साखर बासष्ट. मग पंचावन्न. बाळ टाहो फोडत होतं, मग रडणं बारीक झालं. एक्कावन्न. मी हातमोजे चढवले. सिस्टर बाटल्या लावायला वळली, मी ट्रेकडे बघितलं, डॉक्टर निगम दारात फोनवर होत्या. पुढची साखर आली एकोणऐंशी.

"ये कैसे?" डॉक्टर निगम यंत्र हलवून बघायला लागल्या. मी बाळाकडे बघितलं. ओठ चकाकत होते. मी बोट लावलं, चिकट. आत्याबाईंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत मधाची बाटली, आणि करंगळी पदरात लपवलेली.

माझा पारा चढला. "काय केलंत हे? एवढ्या लहान बाळाला मध? अख्खी सकाळ फुकट घालवलीत!"

आत्याबाई उभ्याच राहिल्या. "अवं बाई, लेकरू निळं पडेस्तोवर रडून राह्यलं अन् तुमी घड्याळ पाहून राह्यल्या! काहून? उपाशी मारता का त्याले? पहिली पोरगी मीच जगवली. हातपाय ढिले पडले का साखरपाणी, का डोये उघडे. मी डॉक्टरले सांगतलं व्हतं, साखरंचंच काहीतरी हाय. तर मले म्हणे, आजी, रिपोर्ट नॉर्मल हाय. रिपोर्ट! जळो तुमचा रिपोर्ट. आमी चाललो घरी. विनोदले बोलवा."

डॉक्टर निगमना वऱ्हाडी कळत नव्हती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, "क्या कह रही हैं?" मी काहीही सांगू शकले असते. आजी घाबरल्यात, समजूत घालते, असं म्हणून सुटले असते. पण ह्या बाईंनी घरात बसून, चमचाभर साखरेने, सहा वर्षांपूर्वी जे ओळखलं होतं, ते माझ्या यंत्रानेही ओळखलं होतं. दोघांना खोटं ठरवणारी मी.

मी हातमोजे काढले. म्हटलं, "आत्याबाई, बसा. तो रिपोर्ट मी दिलेला."

"काय?"

"तुमच्या नातीची साखर तेव्हा पडलेलीच होती. आकडा आला होता. बाटली चुकीची होती म्हणून मी तो खोटा धरला. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, तेव्हाही सोडून द्या म्हटलं. दूध पाजल्यावरचा दुसरा आकडा दिला, त्यावर ते नॉर्मल म्हणाले. तुम्ही बरोबर होता. मी चुकले."

आत्याबाई तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता मारतील, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

बोलली ती रेखा. "किती?"

"काय किती?"

"तेव्हा किती आली होती?"

"अठरा."

"कोणत्या दिवशी?"

"जन्माच्या दुसऱ्या."

तिने भिंतीकडे बघत मनात मोजलं. "झटके दहाव्या दिवशी आले," ती म्हणाली. "म्हणजे आठ दिवस होते."

मी हात जोडले, एवढंच मला सुचलं. तिने माझ्या हातांकडे बघितलं नाही. ती आत्याला म्हणाली, "आत्या, मध आत ठेव. ह्याचा आकडा येऊ दे. त्याशिवाय ह्याला औषध देणार नाहीत." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "रक्त तुम्हीच घ्या. दुसरं कुणी नको. आणि काय येईल ते आधी मला सांगायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो. आत्याबाईंनी बाळाचं डोकं स्वतःच्या तळहातावर धरलं आणि डोळे मिटून घेतले. एकसष्ट, चोपन्न, अठ्ठेचाळीस, एक्केचाळीस. बाळाचं रडणं थांबलं. ते थांबणंच वाईट असतं. मी सुई घातली. रक्त थेंबाथेंबाने येत होतं आणि ओढायचं नाही, पिळायचं नाही, घाई करायची नाही. सिस्टर ग्लुकोजची सुई धरून माझ्या कानाशी म्हणत होती, "हुआ? हुआ?" पहिली बाटली करडी. दुसरी. तिसरी. "हुआ!" मी ओरडले, ग्लुकोज गेलं, आणि समदभाई, पन्नाशी उलटलेले समदभाई, थर्मास पोटाशी धरून दोन-दोन पायऱ्या उतरत पळाले.

यंत्राला वेळ लागतो. मी त्याच्यासमोर उभी राहिले. इन्सुलिन आलं, आणि आलं ते भरपूर. चरबीच्या इंधनाचा मागमूस नाही. मी निकाल पुन्हा लावून बघितला, शाई वाळायच्या आत कागद घेऊन वर गेले, आणि डॉक्टर निगमच्या आधी रेखाच्या खाटेशी गेले. म्हटलं, "सापडलं."

पुढचं काम डॉक्टर निगमचं. इन्सुलिनला लगाम घालणारं एक औषध आहे, ते तेव्हा भोपाळात मिळत नव्हतं. विनोदचा एक मित्र दिल्लीहून घेऊन आला. गोळी मोठ्यांच्या मापाची, म्हणून दवाखान्याच्या औषधवाल्याने खलून तिच्या चिमुकल्या पुड्या बांधल्या. काही बाळांना ते लागू पडत नाही, मग इंजेक्शनं, नाहीतर स्वादुपिंड कापायचं. ह्याला लागू पडलं. पाचव्या दिवशी सलाईन निघाली. आईबापाचं आणि मुलांचं रक्त आम्ही बाहेरगावी पाठवलं, तो लपलेला दोष दोघांकडून आलेला निघाला.

औषधाने बाळाच्या अंगभर केस उगवले. कपाळावर, पाठीवर, कानांवर. आत्याबाई, ज्या माझ्याशी अवाक्षर बोलत नसत, त्या एक दिवस लॅबच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "माकड झालं ना वं लेकराचं. हे जाते का नाही?" मी म्हटलं, औषध कमी होईल तसे जातील. त्या म्हणाल्या, "नाही गेले तरी चालते." आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. खिडकीच्या जाळीतून मी त्यांचा हात धरायला गेले, तो त्यांनी काढून घेतला. ठीकच होतं.

मुलाचं नाव ओंकार. आता नववीत आहे, अजून रोज गोळी घेतो, गणितात काठावर पास होतो, आणि आईला उलटं बोलतो. ते ऐकून मला जे बरं वाटतं ते मी कुणाला सांगू शकत नाही.

मुलीचं नाव सायली. तिलाही त्याच आठवड्यात ते औषध सुरू केलं. झटके पुष्कळ कमी झाले. एका वर्षात ती उशीला टेकून बसायला लागली, आवाजाच्या दिशेने मान वळवायला लागली. डॉक्टर निगमनी मला आधीच बजावलं होतं, "जो गया वो नहीं आएगा." नाहीच आलं. ती एकविशीत आहे. बोलत नाही, चालत नाही. गोरी आहे, आईसारखे डोळे आहेत.

तिची साखर अजून अधूनमधून बघावी लागते, आणि ती कुणाला हात लावू देत नाही. माझ्याशिवाय दुसरं कुणी सुई घेऊन आलं तर घर डोक्यावर घेते. म्हणून निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी मी नेहरू नगरहून अयोध्या नगरला जाते. लांब पडतं, आमचे हे म्हणतात, आता पुरे कर. आत्याबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. रेखाने मला कधी "जाऊ द्या, झालं ते झालं" म्हटलेलं नाही, आणि मीही त्याची वाट बघायचं सोडून दिलंय.

गेल्या मंगळवारी गेले तर सायली खिडकीशी तिच्या खुर्चीत होती. माझा आवाज ऐकला, मान वळवली आणि नेहमीसारखं तिने स्वतःहून बोट पुढे केलं. दुसऱ्या कुणापुढे करत नाही, माझ्यापुढे करते. तिला काय माहीत मी कोण? मी तिचं बोट पुसलं, टोचलं, तिने हूं की चूं केलं नाही. पट्टीवर थेंब घेतला.

रेखा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "किती?"

"ब्याऐंशी."

"बरोबर आहे ना आकडा?"

आधी दवाखान्यात, आता घरी, पंधरा वर्षं ती दर वेळी हे विचारते. टोमणा नसतो त्यात, सहज विचारते. पण विचारते.

"बरोबर आहे, रेखा," मी म्हणाले. तिने यंत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः एकदा वाचलं, आणि चहा टाकायला आत गेली.